बाकावरून दिसलेला शिक्षक

मराठी माणसाला शिक्षकाविषयी लिहायला सांगितले, तर तो आपल्या लहानपणच्या शिक्षकाविषयी लिहितो. यात नवल काही नाही. नवल याचे, की शिक्षकाला लिहायला सांगितले तर तोही आपल्या लहानपणच्या शिक्षकाविषयीच लिहितो. तीस-पस्तीस वर्षे हातात खडू धरलेला माणूस निवृत्तीनंतर आठवणी लिहायला बसतो आणि पहिल्या पानावर त्याला आठवतात ते त्याचे गुरुजी. स्वतःच्या वर्गाकडे यायला त्याला पुस्तकाचा उत्तरार्ध लागतो, आणि तेथेही शाल-श्रीफळ, सत्कार आणि परदेशी गेलेले विद्यार्थी यांतच पाने संपतात. मराठी साहित्यात शिक्षक पुष्कळ आहेत. पण बहुतेक सगळे बाकावर बसून पाहिलेले आहेत. टेबलाच्या पलीकडून वर्ग कसा दिसतो याची नोंद फार थोडी. हायस्कूलच्या शिक्षकाच्या वाट्याला येणारे सुख आणि त्याची होणारी कुचंबणा मराठी लेखनात शोधू गेल्यास काय हाती लागते, एवढेच प्रस्तुत लेखात पाहायचे आहे.

हायस्कूलच का, असे कोणी विचारील. प्राथमिक शिक्षकाला ‘बनगरवाडी’ मिळाली आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ही १९५५ ची कादंबरी एका तरुण मास्तराच्या तोंडून सांगितलेली आहे, हे आपण विसरतो, कारण तिचा विषय मास्तर नाही, गाव आहे. मास्तर धनगरांची भांडणे सोडवतो, तालीम बांधतो, आणि दुष्काळ पडल्यावर ओस पडलेले गाव सोडून जातो. शिकवण्याचे प्रसंग त्यात किती, हे मोजून पाहावे. महाविद्यालयीन प्राध्यापकाला भालचंद्र नेमाडे यांचा चांगदेव पाटील मिळाला, वसंत कानेटकरांचे प्राचार्य विद्यानंद मिळाले. मधला, म्हणजे आठवी ते दहावीचा शिक्षक मात्र पोरका राहिला. वास्तविक सर्वांत बिकट वय त्याच्याच हाती येते. वर्गात मुलाचा आवाज फुटत असतो, मुलगी अबोल होत असते, आणि शालान्त परीक्षेची तारीख भिंतीवर लिहिलेली असते.

या शिक्षकाचे मराठीतले सर्वांत लोकप्रिय चित्र पु. ल. देशपांडे यांनी काढले. ‘व्यक्ती आणि वल्ली’ १९६२ साली प्रसिद्ध झाले, त्याला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि चितळे मास्तर घराघरांत पोहोचले. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथल्या जुन्या मराठी घरांत तर त्यांना कुलदैवताच्या खालोखाल स्थान आहे. आपल्यापैकी प्रत्येकाला वाटते, की हे आपल्याच शाळेतले मास्तर. पु.लं.ची शैली प्रेमळ आहे, नेमकी आहे, आणि मास्तरांचे बोलणे तर कानाशी ऐकू यावे असे उतरले आहे. त्याविषयी वाद नाही.

वाद आहे तो आपण त्या चित्राचे काय केले याविषयी. लेखाच्या अखेरीस मास्तरांच्या वहाणांच्या झिजलेल्या टाचांचा उल्लेख येतो. लेखकाला तेथे गहिवर येतो, तो खरा आहे. पण गेली साठ वर्षे मराठी समाजाने त्या झिजलेल्या टाचांचे दागिने केले. शिक्षक दरिद्री असावा, विनातक्रार असावा, पहाटे उठून फुकट शिकवणारा असावा, आणि विद्यार्थी मोठा झाल्यावर त्याने एका कोपऱ्यात उभे राहून कौतुकाने पाहावे, असा एक अलिखित करार समाजाने त्या लेखाच्या आधाराने स्वतःशीच केला. नव्या वहाणा कोणी घेऊन दिल्या नाहीत. शिक्षकांनी पगारासाठी मोर्चा काढला, की ‘आमच्या वेळचे मास्तर’ पुढे करण्यात येतात आणि ते मास्तर नेहमी चितळेच असतात. त्यांच्या घरात महिनाअखेरीस काय शिजत होते हे त्या लेखात नाही. ते विद्यार्थ्याला ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. व्यक्तिचित्र हे विद्यार्थ्याच्या डोळ्यांनी लिहिलेले आहे, आणि त्या डोळ्यांची मर्यादा तीच त्याची मर्यादा.

येथे एक गंमत नोंदवली पाहिजे. पु.ल. स्वतः काही काळ मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये शिक्षक होते. पुढे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात प्राध्यापक होते. म्हणजे टेबलाच्या पलीकडची जागा त्यांना माहीत होती. तरीही शाळेविषयी त्यांनी लिहिले ते दोन्ही वेळा बाकावरूनच. ‘चितळे मास्तर’ हा कृतज्ञ विद्यार्थ्याचा जबाब, आणि ‘बिगरी ते मॅट्रिक’ हा शाळेने गांजलेल्या विद्यार्थ्याचा. ओरिएंट हायस्कूलच्या दिवसांची आठवण आपल्याला ‘आहे मनोहर तरी’मध्ये सुनीताबाईंकडून मिळते, कारण त्याही तेथे शिकवत होत्या. एवढ्या मोठ्या विनोदकाराने शिक्षकांच्या खोलीविषयी मनापासून लिहिले असते तर मराठीत केवढी भर पडली असती, असे मनात येऊन जाते.

शिक्षक असलेल्या इतर लेखकांकडे वळले तरी चित्र फारसे बदलत नाही. केशवसुतांचे आयुष्य शाळामास्तरकीत गेले. मुंबई, खानदेश, आणि १९०४ मध्ये धारवाड. त्यानंतर थोड्याच काळाने, ७ नोव्हेंबर १९०५ रोजी, हुबळीला प्लेगने त्यांचा अंत झाला. सीमाभागातल्या वाचकांना त्यांचे हे शेवटचे दिवस परके नाहीत. पण त्यांच्या गाजलेल्या कवितांत वर्ग दिसत नाही. कवीला आपल्या उपजीविकेत काव्य दिसले नाही, की तेथली दमणूक एवढी होती की कवितेत तिला थारा द्यावासा वाटला नाही? मला दुसरे कारण अधिक पटते. दिवसभर चाळीस मुलांपुढे उभा राहिलेला माणूस रात्री लिहायला बसतो तेव्हा त्याला त्या खोलीच्या बाहेर पडायचे असते.

साने गुरुजींची गोष्ट निराळी. १९२४ ते १९३० ही सहा वर्षे ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृह त्यांनी सांभाळले, मुलांसाठी हाताने लिहिलेले ‘छात्रालय दैनिक’ चालवले. सहा वर्षांनी ते नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. त्या वसतिगृहाचे सारे सार ‘धडपडणारी मुले’मध्ये आले आहे. ती कादंबरी आज वाचताना तिचा भाबडेपणा जाणवतो; तरी शिक्षकाला मुलांकडून काय मिळते, हे तीत मनापासून सांगितलेले आहे. मात्र गुरुजींचा शिक्षक संन्यासी आहे. त्याला भाडे भरायचे नाही, मुलीचे लग्न करायचे नाही, संस्थेच्या कार्यवाहांची मर्जी राखायची नाही. जे शिक्षक संन्यासी नसतात, म्हणजे जवळजवळ सगळेच, त्यांना हा आदर्श दुरून नमस्कार करण्यापुरता उरतो.

वि. स. खांडेकर यांना १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे शिरोड्याच्या शाळेत काढावी लागली. ‘काढावी लागली’ म्हणणे योग्य नाही, ती त्यांनी पत्करली. शिरोडे गोव्याच्या सीमेला लागून; तेथे खांडेकर मुख्याध्यापक झाले, आणि तेथेच लेखक म्हणून घडले. त्यांच्या आत्मकथनात, म्हणजे ‘एका पानाची कहाणी’त, त्या खेडेगावातल्या शाळेविषयी जे येते ते त्यांच्या कित्येक कादंबऱ्यांपेक्षा मला अधिक टिकाऊ वाटते. कादंबऱ्यांत त्यांचा ध्येयवादी तरुण बोलत सुटतो. शाळेत मात्र त्यांना वेळापत्रक सांभाळावे लागत होते, आणि वेळापत्रक माणसाला संक्षेप शिकवते. अत्र्यांविषयी एवढेच म्हणतो, की पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणून त्यांना लाभलेला आनंद ‘कऱ्हेचे पाणी’त ओसंडून वाहतो, पण अत्रे जेथे असतात तेथे अत्र्यांखेरीज दुसऱ्या कोणाचे काही दिसणे कठीण.

आता मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’कडे यावे. २००४ साली ही कादंबरी आली आणि जुन्या शिक्षकवर्गात तिचे स्वागत थोडे नाक मुरडूनच झाले. आणीबाणीच्या काळातले नववीचे वर्ष, मुकुंद जोशी, सूर्या, चित्रे, फावड्या ही चौकडी, शिरोडकरविषयीची ओढ. मुलांच्या बोलण्यात शिक्षकांना टोपणनावे आहेत. बेंद्रेबाईंची ‘बेंद्रीण’ होते. आमच्या मंडळाच्या ग्रंथालयातल्या प्रतीवर एका निवृत्त वाचकाने शिसपेन्सिलीने समासात ‘हे असे नव्हते’ असा शेरा मारला आहे. असे होते. मी एकतीस वर्षे नववी-दहावीला मराठी शिकवले आहे, आणि मला किती नावे होती याची यादी मुलांनीच नंतर आनंदाने दिली.

‘शाळा’चे मोल मला वेगळ्या ठिकाणी दिसते. बाकावरून पाहणारी ही कादंबरी बाकाची मर्यादा कबूल करून लिहिलेली आहे. जोशीला शिक्षक दिसतो तो तासापुरता. घंटा झाली की शिक्षक दारातून बाहेर जातो आणि जोशीच्या जगातून नाहीसा होतो. त्याच्या दृष्टीने खरे आयुष्य शाळा सुटल्यावर, मित्रांच्या अड्ड्यावर सुरू होते. पु.लं.चा निवेदक मोठा झाल्यावर मागे वळून पाहतो, म्हणून त्याला कृतज्ञता सुचते. जोशी अजून चौदा-पंधरा वर्षांचा आहे. त्याला मांजरेकर सर आवडतात ते आत्ता, या तासाला. पुढे तो त्यांचे आभार मानील की नाही हे कादंबरी सांगत नाही. शिक्षकाचा अनुभव नेमका असाच असतो. मुलगा त्याला मिळतो तो घडत असताना. घडल्यावर तो दुसऱ्याच्या हाती असतो. ज्या मुलाविषयी सर्वांत जास्त झोप गेली त्याचे पुढे काय झाले, हे बहुधा कधीच कळत नाही. कळते ते पहिल्या बाकावरच्यांचे, कारण पेढे घेऊन तेच येतात. शिक्षकाचे समाधान विद्यार्थ्याच्या यशात असते, हे सत्कारसमारंभांतले आवडते वाक्य मला म्हणूनच अपुरे वाटते. समाधान यशाची वाट पाहत थांबणार असेल, तर नोकरीची तीस वर्षे उपाशीच जायची.

मग ते कशात असते? या प्रश्नाचे मराठीतले सर्वांत जिवंत उत्तर, माझ्या मते, एका नाटकात आहे, आणि आपण ते नाटक या दृष्टीने वाचलेलेच नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली लीला बेणारे शाळेत शिक्षिका आहे. डिसेंबर १९६७ मध्ये ‘रंगायन’ने हे नाटक केले तेव्हापासून बेणारेबाईंवर पुष्कळ लिहिले गेले: स्त्री म्हणून, समाजाची बळी म्हणून, दांभिकतेपुढचा आरसा म्हणून. त्यांचा पेशा मात्र बहुतेकांनी पात्रपरिचयातल्या एका शब्दासारखा ओलांडून टाकला. पहिल्या अंकात, मंडळी जमण्यापूर्वी, बेणारे सामंतांशी बोलत असतात. पहिल्या घंटेला आपण शाळेत हजर असतो, कामात कोणी बोट ठेवलेले नाही, मुलांचा आपल्यावर जीव आहे, हे त्या अशा झोकात सांगतात की रंगमंचावर वर्ग उभा राहतो. त्या बोलण्यात सेवेचा आव नाही, त्याग नाही, राष्ट्रनिर्माण तर मुळीच नाही. आपल्याला एक काम उत्तम येते आणि ते करताना आपण सर्वांत जास्त आपल्यासारखे असतो, एवढाच तो आनंद आहे. शिकवणाऱ्या माणसाला तो ओळखू येतो. एखादा अवघड भाग सांगता सांगता वर्ग एकाएकी गप्प होतो, आणि ते गप्प होणे कंटाळ्याचे नाही हे पाठ फळ्याकडे असली तरी कळते. त्या मिनिटापुढे बाकीची मिनिटे सोसता येतात.

तेंडुलकर मोठे नाटककार आहेत ते यासाठी, की हा आनंद त्यांनी पहिल्या अंकात दाखवला, आणि जे पुढे हिरावून घेतले जाणार ते हेच आहे, हे त्याच वेळी सुचवले. बेणारेंची शाळेत चौकशी चालू आहे, हे त्याच संभाषणात येते. पुढे खेळातला खटला खरा होत जातो, आणि काशीकर जी बातमी फोडतात ती काय, तर शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांच्या घरी त्यांच्या कानांवर पडलेले टेलिफोनवरचे बोलणे. अविवाहित शिक्षिका गरोदर आहे, तिला काढून टाका. एका शिक्षिकेची सारी उमेदीची वर्षे एका टेलिफोनवर निकालात निघतात. नाटकातला दुसरा शिक्षक, प्राध्यापक दामले, रंगमंचावर येतही नाही, आणि त्याच्या नोकरीचा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. त्याच्या महाविद्यालयात दुसऱ्या दिवशी तास नेहमीप्रमाणे झाले असतील.

या प्रसंगाला निव्वळ नाट्यमय म्हणता येणार नाही. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा महाराष्ट्राचा कायदा १९७७ चा, आणि त्याखालील नियमावली १९८१ ची. तेंडुलकरांनी नाटक लिहिले तेव्हा संस्थाचालकाच्या शब्दाला आजच्याइतकाही लगाम नव्हता. कायद्याने शिक्षकाला चौकशीचा, अपिलाचा हक्क दिला. तरी ज्यांनी संस्थांमध्ये नोकऱ्या केल्या आहेत त्यांना ठाऊक आहे, की माणसाला काढून न टाकताही नकोसे करता येते: सर्वांत त्रासदायक तुकडी, सलग पाच तास, आणि निकाल कमी लागला तर लेखी खुलासा.

बेणारेंची भूमिका प्रथम सुलभा देशपांडे यांनी केली. त्या स्वतः दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. पहिल्या अंकातल्या त्या बोलण्याला वर्गात तयार झालेला आवाज मिळाला, हा मराठी रंगभूमीचा योगायोग फार मोलाचा.

सुखाचे हे झाले. कुचंबणेचे काय? तिच्याविषयी मराठीने उपरोधाने लिहिले, आणि तेही प्राथमिक शाळेच्या अंगाने. रमेश इंगळे उत्रादकर यांच्या ‘निशाणी डावा अंगठा’ या २००५ च्या कादंबरीत साक्षरतेच्या मोहिमेत गुंतलेले गुरुजी कागदावर जे राज्य उभे करतात ते वाचून हसू येते, आणि थोड्या वेळाने येईनासे होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकाला जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका सोडून अन्य अशैक्षणिक कामे लावू नयेत असे म्हटले. त्या तीन अपवादांत किती दिवस बसतात याचा हिशेब मुख्याध्यापकाला विचारावा. त्याच कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे थांबवले (२०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवीत व आठवीत परीक्षेची मुभा मिळाली), आणि त्याचा भार आपोआप नववीवर आला. वाचता न येणारा मुलगा प्रथम जेथे अडतो ती इयत्ता नववी, आणि त्याला अडवणारा म्हणून तो ज्याच्याकडे पाहतो तो हायस्कूलचा शिक्षक. ‘शाळा’तली नववी लिहून झाली आहे. ही नववी कोणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००२ च्या ‘दहावी फ’ या चित्रपटाने तिच्या शेजारच्या खोलीत डोकावून पाहिले. ‘ढ’ म्हणून बाजूला काढलेली तुकडी, मोडतोड झालेली प्रयोगशाळा, आणि शिक्षेऐवजी मुलांना कमावून भरपाई करायला लावणारा शिक्षक. चित्रपट शेवटी जरा जास्तच आशावादी होतो. तरी त्यात शिक्षकाची अस्वस्थता आहे, आणि ती पुस्तकांत फारशी नाही.

भाषेवर प्रेम करणाऱ्या मंडळींनी या पेशाच्या शब्दांकडे तरी पाहावे. सन २००० मध्ये महाराष्ट्रात ‘शिक्षणसेवक’ आला. तो पहिली तीन वर्षे मानधनावर शिकवतो. २०२३ मध्ये वाढ होऊन माध्यमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाचे मानधन महिना १८,००० रुपये झाले. ‘सेवक’ हा शब्द येथे कशासाठी योजला आहे हे उघड आहे; चितळे मास्तरांच्या वहाणाच त्यात आहेत. ‘कायम विनाअनुदानित’ असाही एक शब्दप्रयोग होता. त्यातला ‘कायम’ २००९ मध्ये वगळण्यात आला. आणि ‘अतिरिक्त’. पटसंख्या घटली, तुकडी तुटली, की सेवाज्येष्ठतेच्या यादीत शेवटी असलेला शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. वीस वर्षे शिकवणाऱ्या माणसाला एका सकाळी कळते, की तो जास्तीचा आहे. या एका शब्दावर उत्तम कथा व्हायला हवी होती.

आपल्या केंद्रांतल्या वाचकांना हा शब्द दुसऱ्या अर्थानेही ओळखीचा आहे. महाराष्ट्राबाहेर मराठीच्या शिक्षकाला सरकारी कागद न येताही अतिरिक्त होता येते. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाळेत मराठी माध्यमाच्या नववीच्या दोन तुकड्या होत्या. मी निवृत्त झालो तेव्हा मराठी हा ऐच्छिक विषय होता, आणि तो घेणारी मुले एका बाकावर मावत. उरलेल्या वेळात मला हिंदीचे आणि नागरिकशास्त्राचे तास देण्यात आले. त्या एका बाकाला शिकवण्यात जो आनंद होता तो चाळिसांच्या वर्गात मला क्वचितच मिळाला. आणि त्या बाकाचा खर्च संस्थेने का सोसावा, हा प्रश्न दर जूनमध्ये निघत असे. ज्या समाजाच्या घरोघरी ‘व्यक्ती आणि वल्ली’ होते, त्याच समाजाची नातवंडे त्या बाकावर नव्हती. पालकांचे म्हणणे असे, की मराठी घरी येतेच. मास्तरांवर प्रेम करायचे आणि त्यांच्या वर्गात मूल पाठवायचे नाही, ही आपल्या वाङ्मयीन रसिकतेची दुसरी बाजू आहे.

टेबलाच्या पलीकडचे लेखन अगदीच झालेले नाही. ते झाले आहे, पण आपण त्याला लेखन मानले नाही. प्रत्येक शिक्षकाने वर्षानुवर्षे टाचण काढले, दैनंदिनी भरली, हजेरीपटावर शेरे लिहिले. त्यातला बराचसा भाग पर्यवेक्षकाच्या सहीसाठी असतो हे खरे; पण थकलेल्या दिवशी माणूस तेथेही खरे लिहून जातो. अशा वह्या आपल्या घरांच्या माळ्यांवर आहेत. या पत्रिकेने सत्कारविशेषांकांऐवजी एखादा अंक त्यांना द्यावा, असे संपादकांना सुचवतो. माझ्या परिचयातल्या एका शिक्षिकेची १९८७ सालची वही मी पाहिली आहे. एप्रिलमधल्या एका पानावर एवढेच आहे: नववी ब, पट ४१, हजर २६. बाहेर लग्नाचा बँड. कविता ठेवून दिली, पत्रलेखन घेतले. शेवटच्या बाकावरच्या मुलाने प्रथमच वही पूर्ण केली; पत्र वडिलांना लिहिले आहे, पत्ता लिहिलेला नाही.